दवाखान्याचं सांगणं पेशंटला कळतंय का, हे मोजायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते. नर्सिंगच्या मुली, छोट्या नर्सिंग होमचे डॉक्टर, पीएचसीतले (प्राथमिक आरोग्य केंद्रातले) लोक, पेशंटचे नातेवाईक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढलंय. क्रम असा काही नाही, जसे आठवले तसे घेतलेत.

हेल्थ लिटरसी म्हणजे पेशंट शिकलेला आहे की नाही, तेच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. हेल्थ लिटरसी किंवा आरोग्य साक्षरता म्हणजे आरोग्याची माहिती शोधून, समजून ती वापरता येणं. हा शब्द ऐकला की मात्र लोकांच्या डोळ्यासमोर सही न येणारा म्हातारा माणूसच येतो. पण बँकेत ऑफिसर असलेला माणूस "रिपोर्ट निगेटिव्ह आलाय" ऐकून रडायला लागलेला मी पाहिलाय, कारण निगेटिव्ह म्हणजे वाईट असंच त्याला वाटलं, आणि काउंटरवरच्या मुलीला त्यात समजवण्यासारखं काही आहे हेच लक्षात आलं नाही. उलट शाळेचं तोंड न बघितलेल्या एक आजी मुलाच्या टीबीच्या गोळ्या सहा महिने एकही दिवस न चुकता देत होत्या, सकाळच्या गोळ्या देवघरात आणि रात्रीच्या उशाखालच्या डबीत. अमेरिकेत २००३ साली मोठ्यांची पाहणी झाली तेव्हा आरोग्याची माहिती सराईतपणे वापरू शकणारे फक्त १२ टक्के निघाले, आणि तो देश काही अशिक्षित नाही. म्हणजे शाळा किती शिकला यावरून काही ठरत नाही. दुखत असताना, घाबरलेला असताना, कानावर अनोळखी शब्द पडत असताना कुणाचंही डोकं चालत नाही.

मग मोजायचं कुणाला, पेशंटला की दवाखान्याला?

दवाखान्याला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पेशंटचं मोजमाप करणाऱ्या चाचण्या आहेत, म्हणजे शब्द वाचायला लावायचे किंवा पाकिटावरचा मजकूर वाचून उत्तर द्यायला लावायचं, संशोधनाला त्या ठीक आहेत. पण ओपीडीत त्या वापरल्या तर समोरच्याला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं आणि हातात काय येतं तर "हा माणूस कच्चा आहे". आता याचं पुढं काय करणार? त्यापेक्षा आपलं सांगणं कच्चं आहे का ते बघितलं तर निदान ते आपल्याला दुरुस्त तरी करता येतं.

अमेरिकेच्या सरकारनं २०२० साली २०३० पर्यंतची आरोग्याची उद्दिष्टं जाहीर केली, त्यात या व्याख्येचे सरळ दोन भाग केले, एक माणसाची आरोग्य साक्षरता आणि एक संस्थेची. संस्थेची म्हणजे काय, तर लोकांना माहिती आणि सेवा शोधता याव्यात, समजाव्यात आणि त्यावरून स्वतःचा आणि घरच्यांचा निर्णय घेता यावा यासाठी ती संस्था किती मदत करते, आणि तीही सगळ्यांना सारखी.

हे मोजायचं खूळ आलं कुठून?

खूळ नाही, बरीच वर्षं चाललेलं काम आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००४ मध्ये यावर मोठा अहवाल काढला, मग २०१२ मध्ये त्यांच्याकडून एक टिपण आलं की पेशंटला समजेल असं वागणाऱ्या संस्थेत कोणत्या १० गोष्टी दिसायला हव्यात. त्यात वरिष्ठांनी मनावर घेणं आहे, स्टाफला शिकवणं आहे, पत्रकं बनवताना पेशंटला सोबत घेणं आहे, समजलं का ते तपासणं आहे, रस्ता सापडणं आहे, औषधं आणि डिस्चार्जसारख्या धोक्याच्या जागी जास्त काळजी घेणं आहे, आणि शेवटचं कलम म्हणजे पैसे किती लागतील आणि विम्यात काय बसतं ते स्वच्छ सांगणं. या शेवटच्या कलमासाठी तर मला ते टिपण लिहिणाऱ्यांना भेटून धन्यवाद द्यावेसे वाटतात.

त्या १० गोष्टींवरून जर्मनीत १० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, २०१५ मध्ये, स्तनाच्या कॅन्सरच्या सेंटर्समध्ये वापरली, प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ मार्क. व्हिएन्नाच्या लोकांनी तर ९ मानकं आणि त्याखाली १६० बारीक निकष अशी भली मोठी यादी बनवली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं जगभरातली असली मापं गोळा केली, चाळली, तज्ज्ञांना विचारलं आणि शेवटी २२ मापांवर एकमत झालं. २०१८ पासून युरोपात जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली देशांचं एक जाळंही आहे, ते लोकांची आणि संस्थांची, दोन्ही मोजमापं करतं.

या सगळ्या याद्यांपैकी आम्ही कुठली घ्यायची?

सुरुवातीला कुठलीच पूर्ण घेऊ नका. १० प्रश्नांची घेतली तर अडचण अशी की ती हॉस्पिटलचाच जबाबदार माणूस भरतो, आणि स्वतःच्या घराला कुणी कमी मार्क देत नाही. १६० ची घेतली तर अर्धं वर्ष फॉर्म भरण्यात जातं आणि सिस्टर तुम्हाला लांबून बघूनच दुसऱ्या वॉर्डात निघून जातात. याद्या वाचा जरूर, कारण आपलं कुठं लक्षच गेलेलं नाही ते कळतं, आणि मग त्यातल्या आपल्याकडे जिथं दुखतंय त्या तीन-चार गोष्टी उचला.

आमच्याकडे एनएबीएच आहे, पीएचसीला एनक्यूएएस आहे, त्यात हे येतंच की?

येतं, पण अर्धं. एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारं राष्ट्रीय मंडळ, त्यांच्या मानकांत पेशंटचे हक्क आणि शिक्षण असं स्वतंत्र प्रकरणच आहे. एनक्यूएएस म्हणजे केंद्र सरकारची २०१३ पासूनची मानकं, त्यात ए ते एच असे आठ भाग आहेत आणि बी हा भाग पेशंटच्या हक्कांचा, तिथं पाट्या, माहिती, स्थानिक भाषा, संमती, सगळं तपासतात. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ मार्क, आणि तपासायच्या चार पद्धती, नुसतं बघणं, स्टाफला विचारणं, कागद तपासणं आणि पेशंटला विचारणं. पद्धत चांगली आहे, मला आवडते, कारण त्यात पेशंटला विचारणं लिहूनच ठेवलंय. पण होतं काय की असेसमेंटच्या दिवशी वेळ कमी असतो आणि कागद हाताशी असतो, त्यामुळे सगळा भर कागदावर जातो. कागद काय म्हणतो ते पुढच्या प्रश्नात सांगते.

फाईलमध्ये "पेशंटला माहिती दिली" अशी टिक आणि सही असते, ते पुरावा म्हणून चालत नाही का?

चालतो, सांगितल्याचा. समजल्याचा नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. दम्याचे एक आजोबा, सत्तरीचे, शेतकरी, डिस्चार्ज होऊन गेले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा धापा टाकत आले. औषध चालू आहे का तर हो, एकही दिवस चुकवलं नाही. सून पण म्हणाली, मी स्वतः देते. मग मी म्हटलं, बाबा, कसं घेता ते मला करून दाखवा. त्यांनी पिशवीतून स्ट्रिप काढली, कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. ती कॅप्सूल मशीनमध्ये घालून, मशीन फिरवून, आतली पावडर तोंडानं ओढायची असते. मशीन कुठाय विचारलं तर ते घरी कपाटात, डबीतून बाहेरसुद्धा काढलेलं नव्हतं, महागाचं आहे म्हणून जपून ठेवलं होतं. आणि फाईल उघडली तर डिस्चार्जच्या पानावर "इन्हेलरचं तंत्र समजावलं" पुढे टिक, सिस्टरची सही, आजोबांचा अंगठा, सगळं जागच्या जागी. ऑडिटमध्ये त्या पानाला पूर्ण मार्क पडले असते.

सिस्टर खोटं बोलली नव्हती बरं का. तिनं सांगितलं होतं. दोन मिनिटांत, पाच डिस्चार्ज एकदम चाललेले असताना, मशीन हातात धरून. फक्त आजोबांच्या हातात ते दिलं नाही आणि करून दाखवा म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी टिकवर विश्वास ठेवणं सोडलं.

मग एकच गोष्ट मोजायची असेल तर कुठली?

दारात उभं राहा. म्हणजे खरंच, डिस्चार्ज झालेला किंवा मेडिकलमधून औषध घेऊन निघालेला माणूस बाहेर पडताना त्याला बाजूला बसवा, पाणी द्या, आणि चार गोष्टी विचारा: तुम्हाला काय झालंय म्हणाले डॉक्टर, कुठली गोळी कधी आणि किती घेणार ते गोळ्या हातात घेऊन दाखवा, काय झालं तर लगेच परत यायचं, आणि पुन्हा कधी यायचं. बरोबर असेल तर २, अर्धवट असेल तर १, नसेल तर ०. एनक्यूएएसची सवय असलेल्यांना हे लगेच जमतं. समजा २० पेशंट विचारले, तर प्रत्येकी ८ म्हणजे एकूण १६० मार्क, त्यातले ८८ पडले तर ५५ टक्के. हा तुमचा आकडा, पेशंटचा नव्हे, हे प्लीज मोठ्या अक्षरात फॉर्मच्या वरच लिहून ठेवा.

गोळ्या हातात घेऊन दाखवा हे मी मुद्दाम म्हणते. अमेरिकेत २००६ मध्ये एक अभ्यास झाला, तीन शहरांतले ३९५ पेशंट. पाकिटावर "दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा" लिहिलेलं, कमी वाचता येणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ते बरोबर वाचलं, पण दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर चार गोळ्या जेमतेम ३५ टक्क्यांनी काढल्या. वाचलं म्हणजे कळलं नाही, आणि "हो" म्हटलं म्हणजे तर नाहीच नाही.

आपल्याकडे १-०-१ लिहितात, ते बऱ्याच जणांना कळतं, मला ती पद्धत आवडतेसुद्धा. पण त्याच चिठ्ठीवर खाली बीडी (दिवसातून दोनदा), एचएस (झोपताना), एसओएस असतं. एसओएस म्हणजे लागली तरच घ्यायची, हे न कळल्यामुळे दुखण्याची गोळी महिनाभर रोज खाणारे लोक आहेत.

उपासाचं काय? आमचे पेशंट हमखास विचारतात.

जे विचारतात त्यांची काळजी नाही, जे विचारत नाहीत त्यांची आहे. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजे, आपल्याकडे वर्षभर कुणाचा ना कुणाचा उपास असतोच. शुगरची गोळी घेऊन जेवलंच नाही तर शुगर खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो, आणि काही जण उलट करतात, उपास म्हणजे गोळीलाही सुट्टी. आमच्या चार प्रश्नांच्या फॉर्मला शुगरच्या पेशंटसाठी आम्ही पाचवा जोडला, "उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते कुणी सांगितलं का?" असला प्रश्न बाहेरच्या यादीत कसा असणार, तो आपल्यालाच घालावा लागतो. तसंच पथ्याचं. पेशंट पथ्य विचारतो, डॉक्टर म्हणतात सगळं खा, आणि पेशंटला वाटतं यांनी मला नीट बघितलंच नाही. "पथ्याचं उत्तर मिळालं का" हासुद्धा मोजण्यासारखा मुद्दा आहे.

समजलं का विचारलं तर सगळे हो म्हणतात, मग कसं विचारायचं?

"समजलं का" हा प्रश्नच टाका. डॉक्टरांसमोर नाही म्हणायला आपल्याकडे माणसाला संकोच वाटतो, डॉक्टर चिडतील, मागे रांग आहे, आपण अडाणी दिसू. त्याऐवजी असं विचारा: "आजी, घरी गेल्यावर सुनेनं विचारलं डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" किंवा "मी आज घाईत बोललो, माझं काही सांगायचं राहिलं का बघू, तुम्ही मला सांगा बरं कसं घेणार." यात चूक पेशंटवर जात नाही, सांगणाऱ्यावर राहते. याला टीच-बॅक म्हणतात, पेशंटनं आपल्याला परत शिकवायचं. राग कुणाला येत नाही, माझा तरी अनुभव असा की आजी लोकांना तर फार आवडतं, कुणीतरी आपल्याला बोलतं केलं म्हणून.

मोजायचं असेल तर दोन आकडे ठेवा. एक, निरीक्षकानं बसून बघितलेल्या दर दहा भेटींत किती वेळा असं विचारलं गेलं. दुसरा, बाहेर पेशंटला विचारायचं, "आत कुणी तुम्हाला तुमच्या शब्दांत परत सांगायला लावलं का?" दोन्हींत फार फरक आला तर समजायचं की निरीक्षक बसलेला असतानाच विचारतात.

ओपीडीत एका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात, हे सगळं करायला वेळ कुठाय?

हा प्रश्न डॉक्टर विचारतात आणि त्यांची बाजू खरी आहे, शंभर-सव्वाशे पेशंटची ओपीडी मी रोज बघते. पण वैद्यकीय संशोधनात हे जुनंच आहे की डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के पेशंट लगेच विसरतो. म्हणजे त्या तीन मिनिटांतलं निम्मं बोलणं तसंही वाया चाललंय. दहा गोष्टी सांगण्यापेक्षा तीन सांगा आणि त्या तीनच परत विचारा. आणि सगळं डॉक्टरांनीच केलं पाहिजे असं कुठाय? मेडिकलवरचा मुलगा, काउन्सेलर, आशाताई, आरोग्य सेविका, यांच्याकडे पेशंट जास्त मोकळेपणानं बोलतो. वॉर्डातल्या मावशींना जेवढं माहीत असतं की कोण गोळ्या गादीखाली ठेवतं, तेवढं आम्हाला कुणालाच माहीत नसतं. त्यांना या कामात घ्या.

आमच्या सगळ्या पाट्या मराठीत आहेत, मग तो मुद्दा झाला ना?

मराठीत आहेत, पण कुठल्या मराठीत? "विकृतीशास्त्र प्रयोगशाळा" वाचून रक्त तपासायला आलेली बाई दारातच थांबते, विकृती म्हणजे काय या विचारानं. बाह्यरुग्ण विभाग, क्ष-किरण विभाग, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, हे सगळं शुद्ध आहे आणि लोक म्हणतात ओपीडी, एक्सरे आणि डिलिव्हरी वॉर्ड. पाटी लोकांच्या तोंडात असलेल्या शब्दात हवी. सोबत चित्र हवं, आणि जमिनीवर रंगीत पट्टा काढता आला तर सोन्याहून पिवळं, "लाल पट्ट्यावरून चालत जा" हे कुणालाही कळतं.

मोजणं अगदी सोपं आहे. हॉस्पिटलात कधीच न आलेले चार-पाच लोक घ्या, एखादे आजोबा, एखादी बाळ कडेवर घेतलेली बाई, वाचता न येणारं कुणीतरी, आणि त्यांच्या हातात केस पेपर देऊन सांगा की रक्त तपासणीला जाऊन या. तुम्ही मागून चाला, काही बोलू नका. किती वेळ लागला, किती जणांना विचारावं लागलं, कुठं चुकले आणि कुठं कुणी त्यांच्यावर खेकसलं, एवढं लिहा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक बाई तीन वेळा त्याच जिन्याशी परत आली आणि शेवटी बाळाला घेऊन पायरीवर बसली. त्या जिन्यापाशी मी रोज सकाळी जाते-येते, आणि तिथं पाटी नाही हे मला कधी दिसलंच नव्हतं.

माहितीपत्रकं आहेत आमची, छान कलर छापलेली. ती कशी तपासायची?

त्यासाठी अमेरिकेतल्या एएचआरक्यू या सरकारी संस्थेचं पेमॅट नावाचं साधन आहे. छापील गोष्टींसाठी २४ मुद्दे, त्यातले १७ समजतं का यासाठी आणि ७ वाचून काय करायचं ते कळतं का यासाठी. हो असेल तर १, नाही तर ०, आणि टक्के काढायचे. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण आपली बहुतेक पत्रकं मधुमेह म्हणजे काय, स्वादुपिंड कुठं असतं, इन्सुलिन कसं तयार होतं यातच संपतात आणि पायाला जखम झाली तर आज रात्री काय करायचं ते कुठंच नसतं.

मार्क दिल्यावर तेच पत्रक वेटिंगमधल्या पाच जणांना वाचायला द्या आणि जिथं अडखळतात तिथं पेन्सिलनं खूण करा. पाच पुरतात, तिसऱ्या माणसापासून त्याच त्याच जागी खुणा पडायला लागतात.

वर्डमध्ये इंग्रजी मजकुराला टाकतात तसा वाचनीयतेचा स्कोअर मराठीला काढता येतो का?

ती इंग्रजीची सूत्रं आहेत, इंग्रजी शब्दांची अक्षरं आणि वाक्यांची लांबी मोजून केलेली, ती मराठीला लावू नका, येणारा आकडा निरर्थक असतो. "रक्तदाब" हा छोटा शब्द आहे आणि "बीपी" त्याहून छोटा, पण कुठला जास्त लोकांना कळतो ते सूत्र नाही सांगणार, तुमच्या वेटिंगमधली माणसं सांगतील.

आमच्या फीडबॅक फॉर्मवर जवळजवळ सगळे समाधानी असतात. अजून काय पाहिजे?

समाधान आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते कॅप्सूल गिळणारे आजोबा आमच्यावर अतिशय खूश होते, जाताना सिस्टरला भुईमुगाच्या शेंगा देऊन गेले होते. शिवाय फॉर्म कधी देतात, तर बिल भरताना, भरतं कोण, तर नातेवाईक, आणि समोर उभं कोण, तर आपलाच स्टाफ.

प्रश्न बदला. "आमची सेवा कशी वाटली" ऐवजी घडलं का ते विचारा. अमेरिकेतल्या पेशंट सर्व्हेत आरोग्य साक्षरतेचे प्रश्न असेच आहेत, डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं का, तुमचं बोलणं ऐकून घेतलं का, सूचना कशा पाळणार ते तुम्हाला सांगायला लावलं का, आणि उत्तर काय तर कधीच नाही, कधीकधी, बहुतेकदा, दरवेळी. आणि शक्य असेल तर दोन दिवसांनी घरी फोन करून विचारा, स्टाफ समोर नसला की माणूस खरं बोलतो.

आमच्या भागात मराठीच नीट समजत नाही, कोरकू, पावरी, गोंडी बोलतात. तिथं काय मोजायचं?

पहिली गोष्ट, पेशंटची भाषा केस पेपरवर लिहिता का तेच मोजा. वय लिहितो, जात-धर्म विचारतो, गाव लिहितो, भाषा मात्र कुणी लिहीत नाही. मग भाषा वेगळी असलेल्या पेशंटपैकी किती जणांना त्यांची भाषा येणारं माणूस मिळालं ते मोजा, आणि त्यात सातवीतल्या नातवानं आजीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचं सांगितलं असेल तर ते धरू नका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारलं होतं की तुम्हाला कसा दवाखाना हवा. त्यातून झोपड्यांसारखा, गावासारखा दवाखाना उभा राहिला, नाव माँ दंतेश्वरीचं, नातेवाइकांनाही सोबत राहता येतं. मोजणी वगैरे नंतर, आधी विचारायचं हे मी तिथून शिकले.

आणि आपल्याच राज्यात गावकऱ्यांनी दवाखान्याला मार्क द्यायची पद्धत २००७ मध्ये सुरू झाली. लोकाधारित देखरेख, आरोग्य अभियानाखाली, सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. गावात बसून लोकांना विचारायचं, सेवेला हिरवा, पिवळा की लाल रंग द्यायचा, आणि मग जनसुनवाईत सगळ्यांसमोर तो तक्ता ठेवायचा. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपल्या पीएचसीचा निकाल लांबून दिसतो. व्हिएन्नाच्या १६० निकषांबद्दल मला आदर आहे, पण असा तीन रंगांचा तक्ता मला त्याहून जवळचा वाटतो. त्यात "सांगितलेलं समजतं का" अशी एक ओळ घातली की आपलं काम झालं.

पैशाचं आणि योजनेचं कसं मोजणार?

"योजनेत बसतं का?" हा आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असेल. महात्मा फुले योजनेसाठी, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेसाठी, हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचे मदतनीस असतात, पण आरोग्यमित्र कुठं बसतात हेच पेशंटला माहीत नसतं. मोजा: ऑपरेशन ठरलेल्या दहा जणांना विचारा की योजनेत काय बसतंय, खिशातून किती जाईल, कुठले कागद लागतील. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी नर्सिंग होमना पेशंटच्या हक्कांची सनद आणि १५ सेवांचे दर दिसतील असे लावायला लागतात. लावलेत का हे एक, आणि पेशंटला त्या बोर्डवरून आपला खर्च साधारण सांगता येतो का हे दुसरं. दुसरं कुणी बघत नाही.

संमतीपत्राचंही इथंच सांगते. सुप्रीम कोर्टानं २००८ मध्येच स्पष्ट केलंय की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती तीच खरी संमती, आणि एका गोष्टीची संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही केलेल्या पेशंटला विचारा, "कशावर सही केलीत?" येणारं उत्तर शब्दशः लिहून ठेवा, मार्क देऊ नका, नुसती ती वाक्यं महिन्याच्या मीटिंगमध्ये सर्जनना वाचून दाखवा. आकड्यांनी जे होत नाही ते अशा वेळी होतं.

किती पेशंट विचारायचे आणि कितीदा?

महिन्याला २० ते ३०. संशोधन करायचं नाहीये, सुधारणा करायचीये. पण सगळे सकाळचे नकोत, रात्रीच्या ड्युटीतले, रविवारचे, गर्दीच्या सोमवारचे पण घ्या. विचारणारा त्या वॉर्डचा नसावा. आणि विचारताना चूक सापडली तर आधी ती दुरुस्त करायची, फॉर्म नंतर, पेशंटला चुकीची गोळी कळलेली असताना त्याला तसंच घरी पाठवायचं आणि आपण ० लिहून मोकळं व्हायचं, हे मला चालत नाही.

आकडा वाईट आला. आता?

वॉर्डच्या भिंतीवर लावा, पण सिस्टरचं नाव न लावता. नावं आली की दुसऱ्या महिन्यात आकडा सुधारतो आणि पेशंट आहे तिथंच राहतो. मग एकच बदल करा. आम्ही कॅप्सूलच्या प्रकारानंतर एवढंच ठरवलं की मशीन पेशंटच्या हातात जाईल आणि तो स्वतः ओढून दाखवेल, त्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही नाही. दुसरं काहीही बदललं नाही. महिनाभरानं परत दारात उभं राहायचं आणि परत विचारायचं.

मी पेशंटचा नातेवाईक आहे, मला यातलं काय करता येईल?

बरंच. आतून निघताना तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, मला काय कळलं ते सांगतो, चुकलं तर सांगा." अर्धा मिनिट लागतो, आणि कुठलाही बरा डॉक्टर थांबून ऐकतो. घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या, आयुर्वेदिक, शेजारणीनं दिलेल्या, एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. औषध मशीनचं, पंपाचं, सुईचं असेल तर तिथंच सिस्टरसमोर आई-बाबांना एकदा करायला लावा. सरकारी दवाखाना असेल तर रुग्ण कल्याण समितीत कोण आहे ते विचारा, आणि पाटी कळत नाही, चिठ्ठी वाचता येत नाही असं तिथं लेखी द्या, त्या समितीला अशा गोष्टींवर खर्च करता येतो. आणि हॉस्पिटलातून कुणी फोन करून चार प्रश्न विचारले तर पाच मिनिटं काढून खरं काय ते सांगा, काही कळलं नसेल तर तेच सांगा, आम्ही फोन त्यासाठीच केलेला असतो.